माहेरवाशिणींची रिक्षा

एका चढावरच्या गावात चंद्राक्का नावाची रिक्षावाली राहायची. तिची रिक्षा बॅटरीवर चाले. फाट्यावर एसटी थांबली की माणसं भरायची आणि तीन मैल वर गावात आणून सोडायची, यावरच तिची चूल पेटे.

गावाची एक रीत होती. पंचमीला, दिवाळीला आलेली माहेरवाशीण फाट्यापासून पायी यायची नाही. रीत सगळ्या गावाची, पण पाळायची एकट्या अक्कानं. आणि अक्काच्या तोंडून "नाही" हा शब्द काही निघत नसे.

त्या पंचमीला सातव्या फेरीला रिक्षा चढावरच गप्प उभी राहिली. पाटलाची लेक चिखल तुडवत घरी गेली आणि गावभर बोभाटा झाला.

मिस्त्रीनं बॅटरीचं झाकण उघडलं आणि सर्किटची हिरवी पट्टी दाखवली. "अक्का, बिघाड काहीच नाही. सेल ठरावीक पातळीखाली उतरले की ही पट्टी वीज तोडते. थोडी आत राखून ठेवते. तीही ओढून घेतली तर सेल आतून खराब होतात. मग कितीही चार्ज करा, धरत नाहीत."

"म्हणजे असून देत नाही!" सरपंच कडाडले. "गावाच्या लेकींपेक्षा पट्टी मोठी काय? काढ ती, डायरेक्ट जोड."

मिस्त्रीनं अक्काकडे पाहिलं. रिक्षा तिची होती. ती नको म्हणाली असती तर पट्टीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. पण सगळा गाव तिच्याकडेच बघत होता.

"जोड बाबा," ती म्हणाली. "लोकांना वाईट नको वाटायला."

मग काय, कौतुकच कौतुक! "अक्का, आणखी एकच फेरी," म्हणत गावानं रिक्षा रोज पार कोरडी होईतो पळवली. तिचा पल्ला दिवसेंदिवस कमी होतोय, हे एकट्या अक्काला दिसत होतं. तरी ती बोलली नाही. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी रिक्षा जागची हललीच नाही.

मिस्त्रीनं सेल तपासले. "मेले, अक्का. आता चार्जिंगलाही लावू नका, पेट घेतील."

"बाईला बॅटरी सांभाळता आली नाही," सरपंच चारचौघांत म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. दारोदारी मोटारसायकली होत्याच. त्या आता बाहेर निघाल्या आणि ज्यानं त्यानं आपापली लेक आणली.

अक्काचीही लेक यायची होती, सातवा महिना लागलेली. अक्कानं चार दारं वाजवली. कोणाची गाडी पंक्चर, कोणाकडे पाहुणे. शेवटी लेक भर उन्हात तीन मैल चढून आली आणि उंबऱ्यातच बसली.

"आई, पाणी दे गं," ती म्हणाली.

अक्का पाणी आणायला आत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

तात्पर्य: वेळेवर "आता पुरे" म्हणणारा डोळ्यांत खुपतो, पण तोच आपल्याला राखतो. त्याला गप्प करायला सगळा गाव जमतो. आपण संपल्यावर पाणी विचारायलाही कोणी येत नाही.