एकाच पातेल्यातले पन्हे

एकदा एका मठाच्या चैत्रोत्सवात पन्हे करण्याचे काम प्रथमच एका तरुण शिष्याकडे आले. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही हा मठाचा नेम, त्यामुळे बिचाऱ्याने कैऱ्या आणि गूळ केवळ अंदाजाने घातले होते. पन्हे साधले तर मठाचा मुदपाकखाना त्याच्या हाती येणार होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

नैवेद्य झाला, अंगणात गावातल्या दोन आळ्यांच्या दोन पंगती बसल्या. वरची आळी दरवर्षी जिलबी आणी, खालची आळी मिरचीची भजी; आणि जी ती आळी अभिमानाने आपलेच खाई. पाठोपाठ पन्हे वाढले गेले.

"आंबटढाण आहे हो!" वरच्या आळीचे केरोबा ओरडले.

"छे! नुसता गुळाचा पाक!" खालच्या आळीतून उत्तर आले.

मग काय विचारता! ज्यांनी पेला तोंडालाही लावला नव्हता, तेही आपापल्या आळीच्या बाजूने तावातावाने बोलू लागले. 'त्यांना चव कळतेच कुठे' इथून निघालेली गोष्ट 'पुढच्या वर्षी उत्सवच वेगळा' इथवर गेली. एकमत फक्त एका बाबतीत झाले: या पोराला मुदपाकखान्यात पाऊल टाकू देऊ नका.

रडवेला शिष्य गुळाची ढेप उचलणार, तोच वृद्ध गुरुजींनी त्याचा हात धरला. त्यांनी पातेल्यात नुसते ओगराळे फिरवले आणि जिलबी खालच्या आळीला, भजी वरच्या आळीला वाढायला लावली. गुरुजींचा शब्द, नाही कोण म्हणणार! मग तेच पन्हे पुन्हा वाढले.

"आता कसा गूळ लागला!" केरोबा खूश.

"आता आला कैरीचा स्वाद," खालचेही खूश. आपण बोललो म्हणूनच पन्हे सुधारले, अशी दोन्ही आळ्यांची खात्री पटली.

शिष्याला हसू आवरेना. "म्हणजे गुरुजी, आधी सगळे खोटे बोलत होते?"

"नाही रे. जिलबीवर आंबट लागले हे खरे, भज्यांवर गोड लागले हेही खरे. 'मला आंबट लागले' एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडले नसते. पण ते 'पन्हे आंबट आहे' म्हणाले, आणि पुढे 'त्यांना चवच नाही' म्हणाले. जिभेचा अनुभव जिभेपासून लांब गेला की त्याचे भांडण होते. बरे, तुला कसे लागले?"

शिष्याने पहिला घोट घेतला. त्याचे डोळेच मिटले. "अमृत आहे, गुरुजी!" तो म्हणाला, आणि लगेच ओशाळून पुढे बोलला, "म्हणजे... मला लागले. सकाळपासून उपाशी आहे ना."

गुरुजी मनापासून हसले आणि त्यांनी कमरेची मुदपाकखान्याची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.