छापखान्यातला कृमी

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. कोणाचा संगणक बिघडला की लोक त्यांना बोलावीत, आणि ते आले की संगणकाआधी त्याच्या मालकाचे डोके ठिकाणावर आणीत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते, तरी सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांचा एक शिष्य होता. वय अठ्ठावीस, हात चपळ, बुद्धी तल्लख, आणि आपली बुद्धी तल्लख आहे याची त्याला पक्की खात्री. हा शेवटचा गुण विद्येच्या फार आड येतो. कसे ठाऊक म्हणाल, तर माझ्याही आला होता.

त्या गावात एक छापखाना होता. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे, शाळांचे अहवाल अशी कामे तिथे चालत. आतल्या खोलीत आठ संगणक तारेने एकमेकांना जोडलेले होते आणि आठांचा पासवर्ड एकच, मालकांच्या कुलदैवताचे नाव. ऐन लग्नसराईत एका बुधवारी त्यातले तीन संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. गुरुवारी पाच तसेच वागू लागले. शुक्रवारी जुळवून ठेवलेल्या चाळीस पत्रिका जागेवरून नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी अर्थ न लागणाऱ्या नावांच्या फाइली येऊन बसल्या.

यंत्रे बिघडायला तीन दिवस लागले; माणसे एका दिवसात बिघडली. एका डब्यातली भाजी वाटून खाणारे दोघे एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. कोणी पाणी प्यायला उठला की बाकीचे त्याच्या खुर्चीकडे टक लावून पाहत. छपाई यंत्रावरचा म्हातारा कारागीर तर छातीठोकपणे सांगू लागला की समोरच्या नव्या छापखान्याने आपल्यातले कोणीतरी फोडले आहे. कोण, ते मात्र तो सांगेना. नुसता सगळ्यांकडे आळीपाळीने पाही.

असा संशय फार काळ मोकळा फिरत नाही. तो कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो, आणि बहुधा ज्याच्या मागे बोलणारे कोणी नाही त्याच्याच. इथे तो मालनच्या डोक्यावर बसला. तिला नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. ती दाराशी बसे, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह हाती घेई आणि त्यातला मजकूर उतरवून आत देई. मालकांना एवढे पुरेसे झाले. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांच्या देखत ते तिला म्हणाले, “दार तुझ्या ताब्यात. चोर शिरला तर राखणदाराला नाही तर कुणाला विचारायचं? उद्या तेवढं काम समजावून दे. सोमवारपासनं येऊ नको.”

बाकीच्यांनी आपापल्या पडद्यात डोके घातले. दुसऱ्याच्या माथी खापर फुटताना पाहून हळूच सुटकेचा श्वास सोडणारी माणसे वाईट नसतात, भ्यालेली असतात. पण मालनला त्याने काय फरक पडणार होता?

शनिवारी सकाळी गुरुजी आणि शिष्य आले. रिक्षातून त्यांनी दोन संगणक उतरवून घेतले. शिष्य दर महिन्याला या छापखान्यात देखभालीसाठी येई, त्यामुळे त्याला इथली खडान्‌खडा माहिती. मालनकडे एक नजर टाकून तो गुरुजींच्या कानाशी लागला.

“सोपं आहे गुरुजी. ती दारातली बाई. आतल्या मशिनींना इंटरनेट नाही. बाहेरचं जे येतं ते तिच्याच हातून.”

“तिनं आणलं हे तुला दिसलं, की वाटलं?”

“वाटलं. पण पक्कं वाटलं.”

“वाटलेलं नेहमी पक्कंच असतं,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी मोठे विचित्र काम केले. छापखान्यातल्या सगळ्यांना, मालकांनासुद्धा, एका बाकावर ओळीने बसवले आणि हात मांडीवर ठेवायला सांगितले. आणलेल्या दोनपैकी एक संगणक टेबलावर मांडला आणि छापखान्याच्या तारेला जोडला. पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. आत कोणतीही नवी फाइल आली की तिचे नाव त्या चौकटीत उमटणार होते. मग गुरुजीही हात मांडीवर ठेवून बसले.

चहा आला. हात हलवायचा नाही म्हणून तो तसाच निवत राहिला. दहा-बारा मिनिटे गेली असतील. कोणी कळफलकाला बोट लावले नाही, काही उघडले नाही, काही खुपसले नाही. आणि चौकटीत एक नाव उमटले. नुसती अक्षरांची खिचडी, शुक्रवारी दिसली होती तशीच.

“आयला, भुताटकीच हाय ही,” म्हातारा कारागीर पुटपुटला.

“भूत नाही, कृमी आहे,” गुरुजी म्हणाले. “व्हायरस, व्हायरस म्हणून तुम्ही चार दिवस कोण्या माणसाचा हात शोधताय. व्हायरसला पसरायला तसा हात लागतो. कोणीतरी रोगट फाइल उघडावी लागते. कृमीला लागत नाही. एका मशिनमधून दुसऱ्यात तो आपल्या पायांनी जातो. फट असली की झालं.”

त्यांनी तो संगणक बाजूला काढला आणि दुसरा जोडला. पाऊण तास झाला तरी चौकट कोरीच राहिली.

“ह्यात काय येगळं हाय?” मालकांनी विचारले.

“यात फट बुजवलेली आहे. ही प्रणाली बनवणाऱ्यांना फट सापडली, त्यांनी बुजवायचं सामान फुकट पाठवलं, त्यालाही कित्येक महिने झाले. तुमच्या आठांपैकी एकातही ते बसलेलं नाही. का बरं?”

मालक जरा चुळबुळले. “अपडेट घेतलं की फाँट तुटतात ओ, गुरुजी. आमचं जुळणीचं सॉफ्टवेअर जुनं. मागं एकदा घेतलं आन् नवरीच्या नावातला रफारच उडाला. पाचशे पत्रिका तशाच गेल्या! तवापासनं मी अपडेट बंद करायला लावलं.”

“कोणाला?”

मालकांनी शिष्याकडे बोट केले. शिष्य म्हणाला, “त्यांनीच सांगितलं म्हणून मी…”

“बरं. खोलीतल्या खोलीत हा कसा पसरला ते कळलं. पण तारेला इंटरनेट नाही, तेव्हा पहिल्या मशिनपर्यंत कोणीतरी हातानंच आणला असणार,” गुरुजी म्हणाले. ओळीने बसलेल्या माणसांच्या माना पुन्हा हळूच मालनकडे वळल्या. गुरुजींनी शिष्याला कागद काढायला लावला. “गेल्या महिन्याभरात आतल्या मशिनींना ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची यादी कर. सगळ्यांत वर माझं नाव लिही.”

“तुमचं?” शिष्य हसला. “काहीतरीच काय, गुरुजी!”

“मी तीन आठवड्यांपूर्वी इथे आलो होतो. लिही.”

त्यांनी खिशातून आपला पेन ड्राइव्ह काढून मालनच्या पुढे धरला. “ताई, तुमच्या मशिनवर एवढा तपासून द्या.”

सगळे चमकले. जिच्यावर आळ, तिच्याकडेच तपासणी! शिष्याला हा गुरुजींचा नाटकी विनय वाटला आणि मनातून तो वैतागला. मालनने मात्र निमूटपणे पेन ड्राइव्ह लावला. काही मिनिटांनी ती म्हणाली, “ह्यात काय नाही.”

“तुमचं मशिन आतल्या तारेला जोडलेलं नाही?”

“नाही ओ. मीच काढून घेतली तार, आले त्या आठवड्यात. गिऱ्हाइकाचं काय काय असतंय, आत कशाला जाऊ द्यायचं? ह्याला इंटरनेट आहे आणि जुनं सॉफ्टवेअर नाही, म्हणून अपडेट रोज चालू ठेवते. मजकूर तपासते आणि सीडीवर घालून आत देते. सगळे हसतात मला. सीडीबाई म्हणतात.”

बाकावर दोघांनी खाली पाहिले.

गुरुजींनी तिच्या मशिनमधली नोंद उघडली. तीन महिन्यांत गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून आलेली अकरा लचांडे तिथे दारातच पकडली गेली होती. सध्याचा कृमी त्यांत नव्हता. तो त्या दारापर्यंत आलेलाच नव्हता.

मग यादीतला एकेक जण उठला. कोणाच्या खिशातून गाण्यांचा पेन ड्राइव्ह निघाला, कोणाकडे काहीच नव्हते. खुद्द मालक आपला फोन आतल्या मशिनला लावून चार्ज करीत, तेही उघडकीस आले आणि त्यांचे कान लाल झाले. मालनने सारे तपासले. सगळे स्वच्छ होते.

“यादी संपली?” गुरुजींनी विचारले.

“संपली.”

“वाच.”

शिष्याने पहिले नाव वाचले, दुसरे वाचले, आठव्या नावाशी तो थांबला. पुढे कागद कोरा होता. त्या कोऱ्या जागेकडे तो पाहत राहिला. छातीवर दोरीत अडकवलेला त्याचा स्वतःचा पेन ड्राइव्ह त्याला एकाएकी जड वाटू लागला.

इथे त्याचा एक नाद सांगायला हवा. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसरीकडे उघडला आणि तिथे तोच फाँट नसला, की मराठीच्या जागी नुसते कंस आणि टिंबे नाचतात. म्हणून या धंद्यात मजकुरामागे फाँटही फिरतात. शिष्य ज्या छापखान्यात जाई तिथला निराळा फाँट उचली आणि ज्याच्याकडे नसेल त्याला देई. जिल्ह्यातले सगळे फाँट आपल्याकडे, याचा त्याला मोठा अभिमान. गुरुजींनी त्याला दिलेल्या पेन ड्राइव्हच्या कडेला एक खटका होता. तो सरकवला की आतले वाचता येते, पण नवे काही आत शिरत नाही. दुरुस्तीला जाताना खटका बंदच हवा, हा गुरुजींचा नियम होता. पण खटका बंद केला तर फाँट गोळा कसे करायचे? शिष्याचा खटका दोन महिने उघडाच होता; कुठल्या तरी छापखान्यात फाँटबरोबर कृमीही आत शिरला असणार. मंगळवारी तो इथे आला होता. मालनने त्याला सांगितले होते, आधी माझ्या मशिनवर तपासा. तो हसला होता आणि सरळ आत गेला होता. आतल्या मशिनने पेन ड्राइव्हमधले न विचारता चालवून टाकले असणार. बुधवारी पहिले तीन संगणक पडले.

गुरुजी तार गुंडाळत होते. त्याच्याकडे पाहतही नव्हते. आणि तो स्वतः गप्प राहिला असता तर सोमवारी मालनची खुर्ची रिकामी दिसली असती, आणि सारा गाव समाधानाने म्हणाला असता, सापडला चोर. हे त्याला पुरते कळत होते. मला वाटते, आयुष्यात त्याने केलेले सगळ्यांत अवघड काम ते हेच. त्याने कागदावर आपले नाव लिहिले, गळ्यातली दोरी काढली आणि पेन ड्राइव्ह मालनसमोर ठेवला.

“हाही तपासा, ताई. मंगळवारी मी तुमचं ऐकलं नाही.”

मालनने तो लावला. पडद्यावर तांबडी पट्टी आली आणि तिच्यात तेच नाव, अक्षरांची तीच खिचडी.

 मालक खाकरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मालन, सोमवारी ये गं तू.”

“येईन की,” मालन म्हणाली. “पण काल बोललात ते सगळ्यांसमोर बोललात, मालक. ह्ये कानात का सांगताय?”

मालकांना उठून उभे राहावे लागले. चूक कबूल करायची सवय नसलेला माणूस जसे बोलेल तसे ते बोलले, चार वाक्ये आणि त्यांतली दोन अर्धवट. पण बोलले, आणि सगळ्यांनी ऐकले. त्याच दुपारी गुरुजींनी आणि शिष्याने आठही संगणक साफ केले आणि एका मशिनवर आधी अपडेट चढवून दहा पत्रिका उघडून पाहिल्या. एका फाँटमधले एक जोडाक्षर मोडले होते. ते तासाभरात दुरुस्त झाले.

परतताना शिष्याने विचारले, “तुम्हाला कधी कळलं, गुरुजी?”

“तू मंगळवारी इथे आला होतास, एवढं ठाऊक होतं. म्हणजे नुसता संशय. तोही पक्काच वाटत होता.” थोडे चालल्यावर ते पुढे म्हणाले, “बाळा, आपल्या विद्येत संशय हवाच. त्याच्यावाचून दार राखता येत नाही. पण तो वस्तूवर घ्यावा. वस्तूला अपमान कळत नाही. तुम्ही लोकांनी मशिनवर डोळे मिटून विश्वास टाकला आणि सगळा संशय एका बाईवर ओतला. आणि एक ध्यानात ठेव. वैद्याला प्रत्येक घराचं दार उघडं असतं, म्हणून त्याचे हात कोणी तपासत नाही. ते त्यानं स्वतःच पुढे करायचे असतात.”

शिष्याने आठवून पाहिले. त्या मंगळवारनंतर तो आणखी सहा छापखान्यांत जाऊन आला होता. रविवारी तो एकटाच निघाला आणि प्रत्येक दारात उभे राहून त्याने सांगितले की तुमच्याकडे मी रोग आणून सोडला असण्याची शक्यता आहे. दोघांनी शिव्या घातल्या. एकाने पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणून बजावले. सहाव्या दाराशी एक वयस्क बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आता तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा रे?”

“नका ठेवू, काकू,” शिष्य म्हणाला. “दर वेळी तपासून मगच आत घ्या.”

काकू बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “दे इकडं.”

त्याने दोन्ही खिसे त्यांच्यासमोर रिकामे केले. वाचकहो, आपले खिसे आपण शेवटचे कधी उलटे केले होते?