बटाट्याच्या कोठारातली गाडी

“…पण जी गाडी चार महिने जागची हलणार नाही, तिची टाकी भरायची कशासाठी?”

समरजितने हे तिसऱ्यांदा विचारले.

मिस्त्रीबाबा कोठार झाडत होते. खराटा न थांबवता ते म्हणाले, “आत्ता टाकीत किती आहे?”

“पाव. कदाचित त्याहूनही कमी.”

“आणि उरलेल्या पाऊण टाकीत?”

“काही नाही.”

“हवा आहे. हवेत ओल आहे. थंडी पडली की त्या ओलीचं पाणी होतं, आणि टाकी आतून गंजते. खाली जा, भरून ये.”

ही गोष्ट हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यातली आहे. बर्फ पडू लागले की तिथला रस्ता बंद होतो आणि चैत्र सरता सरता उघडतो. बाबा मूळचे खटाव तालुक्यातले. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची बावीस वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले नाहीत. या खोऱ्यात, एका लहानशा देवळाशेजारच्या खोलीत राहिले. त्यांनी रीतसर दीक्षा घेतली होती की नाही, हे निश्चित सांगता येत नाही. लोक त्यांना मिस्त्रीबाबा म्हणत. दर हिवाळ्यात ते एका माणसाला, एकाच, साधनेसाठी आपल्यापाशी ठेवून घेत.

त्या वर्षी समरजित डुबल आला होता. तो कराडचा, मोटारींच्या शर्यतींत नाव मिळवलेला. त्याची गाडी पिवळी, दोन आसनांची, आणि जमिनीला इतकी लागून की वर येताना तिचे पोट तीन ठिकाणी खरवडले होते.

रस्ता त्याच दिवशी बंद व्हायचा होता. रस्त्यावरच्या कामगारांची शेवटची जीप तीन वाजता हॉर्न वाजवत खाली उतरणार होती. त्यानंतर जो वर राहिला, तो हिवाळाभर वरच.

“बाबा,” समरजित म्हणाला, “मी परत जाण्यासाठी आलेलो नाही. गाडी मी देवळाला देऊन टाकतो.”

“देवाला दोन सीटची गाडी कशाला? कागद कुणाच्या नावावर आहेत?”

“माझ्या… आणि धाकट्या भावाच्या.”

“म्हणजे भावाची निम्मी गाडी तू दान करणार. मोठाच दाता निघालास.”

समरजितचे कान लाल झाले. “मग बाहेर पडू द्या. गंजू द्या.”

खराटा थांबला.

“गंजायचंच होतं तर कराड काय वाईट होतं? एवढ्या लांब कशाला आलास?”

समरजित गाडीची चावी बोटांत फिरवू लागला.

“ज्याला परत जायचं नाही, त्याला मी ठेवत नाही, डुबल. रस्ता उघडेल त्या दिवशी पहिल्या चावीला सुरू होईल, अशी गाडी ठेव. जमलं तर राहा. नाही जमलं तर तीनच्या जीपमागून उतर.”

समरजित गाडीत बसला आणि निघून गेला.

पेट्रोलपंप एकतीस किलोमीटर खाली होता. तिथून मैदानाकडे जाणारा रस्ता रुंद आणि कोरडा होता. पंपावर तो थोडा वेळ त्या रस्त्याकडे पाहत उभा राहिला, एवढे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. त्या वेळी मनात काय होते, ते त्याने सांगितलेले नाही.

दीड वाजता तो परत आला. टाकी काठोकाठ भरली होती. चाकांत हवाही नेहमीपेक्षा थोडी जास्त होती.

“हवेचं मी सांगितलं नव्हतं,” बाबा म्हणाले.

“चार महिने एकाच जागी वजन पडलं, तर टायर खालून चपटे होतात. मला ठाऊक आहे. बाबा, सोळा वर्षं मी गाड्या चालवतोय.”

“चालवतोयस. ठेवली आहेस कधी?”

समरजितने गाडी कोठाराच्या दारापाशी आणली.

कोठार बटाट्याचे होते. पीक विकले गेल्यामुळे ते रिकामे होते. मातीचा वास तेवढा उरला होता. पाणी साचू नये म्हणून जमिनीला मागच्या भिंतीकडे जरा उतार दिलेला होता, आणि भिंतीच्या तळाशी मोरी होती.

समरजित गाडी सरळ आत घालू लागला, तेव्हा बाबांनी बोनेटवर थाप मारली.

“उलटी घे. तोंड दाराकडे.”

“मला वाटलं, तोंड आत केलं तर… म्हणजे, जाण्याचा विचारच नको.”

“संन्यास तिला द्यायचा नाहीये. बर्फ वितळलं की आपण दोघांनी तिला ढकलून उन्हात काढायची आहे. तोंड दाराकडे.”

गाडी उलटी आत गेली. तिच्या मागच्या बाजूत आणि भिंतीत जेमतेम दोन हातांचे अंतर राहिले.

पुढची कामे फारसे न बोलता झाली. समरजितने बॅटरी काढली आणि बाबांच्या खोलीत, चुलीपासून दूर, फळीवर ठेवली. सायलेन्सरच्या तोंडाला उंदीर शिरू नयेत म्हणून तारेची जाळी बसवली. मग त्याने डिकीतून प्लॅस्टिकचे मोठे आच्छादन काढले. बाबांनी मान हलवली आणि लष्करातल्या दोन जुन्या सुती चादरी पुढे केल्या.

“प्लॅस्टिकखाली गाडीला घाम येतो.”

“हे मला माहीत नव्हतं,” समरजित म्हणाला. सकाळपासून त्याने हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारले होते.

चादरी टाकण्यापूर्वी बाबांनी गाडीच्या उघड्या दारातून आत डोकावून पाहिले.

“गिअर?”

“न्यूट्रल. ढकलायची आहे म्हणालात ना.”

“हँडब्रेक?”

“ओढलाय.”

बाबांनी आत हात घालून दांडी चाचपली. ती शेवटच्या दात्यापर्यंत वर ओढलेली होती. आणखी ओढणे शक्य नव्हते.

“खाली कर.”

“बाबा, उतार आहे.”

“दिसतोय मला. चार महिने ब्रेक आवळून ठेवलास, तर लायनर चिकटतील. वैशाखात चाक फिरणार नाही. चाकाला दगड लावू. दांडी खाली कर.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“ते सोडून बाकी काहीही सांगा.”

कोठाराच्या दारातून पांढरे, जड झालेले आभाळ दिसत होते. तीन वाजायला फार वेळ उरला नव्हता.

अखेर समरजितच बोलू लागला. बोलताना त्याची नजर दांडीवर होती.

“अडीच वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात आम्ही थांबलो होतो. मी आणि धैर्यशील, माझा धाकटा भाऊ. मी दरीचा फोटो काढायला उतरलो. तो मागे गेला, डिकीतून पाणी काढायला. मला म्हणाला, ‘दादा, तुझा चेहरा येऊ देऊ नकोस, फोटो बिघडेल.’ मी हसत होतो… आणि हीच गाडी उतारावरून मागे गेली. त्याच्या मागे घाटाची भिंत होती.”

“ब्रेक?”

“ओढला नव्हता. दोनच मिनिटांसाठी उतरलो होतो.”

“आता कसा आहे तो?”

“डावा पाय गुडघ्याखाली नाही. कृत्रिम पाय लावून दुकानात बसतो. फोन करतो मला. मी घेत नाही.”

“शिव्या देतो?”

“शिव्या दिल्या असत्या तर घेतला असता. गाडी कशी आहे, विचारतो.”

बाबांनी त्याचे सांत्वन केले नाही. तो दोषी आहे असे ते म्हणाले नाहीत. नाही असेही म्हणाले नाहीत. ते बाहेर गेले आणि ओढ्याकाठचा एक दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आले. तो त्यांनी मागच्या चाकाखाली सारून टाचेने घट्ट बसवला. दुसरा आणून दुसऱ्या चाकाखाली बसवला.

“झालं. बस आत. सोड.”

समरजित चालकाच्या जागी बसला. त्याने दांडीवर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

“दगड सरकला तर?”

“भिंत आहे.”

“…भिंत तेव्हाही होती, बाबा.”

यावर बाबांनी थोडा विचार केला असावा. मग ते कडेने मागे गेले. गाडीच्या मागच्या बाजूत आणि भिंतीत जे दोन हातांचे अंतर होते, तिथे ते शिरले, आणि मोरीशेजारी मांडी घालून बसले. आरशात त्यांची लोकरीची टोपी तेवढी दिसत होती.

समरजित ओरडला. “बाबा, आधी तिथून उठा!”

“का?”

“का म्हणजे? गाडी तेराशे किलोची आहे!”

“दगड मी लावलाय. मला ठाऊक आहे कसा लावलाय.”

“आणि मला ठाऊक नाही!”

“म्हणून तर इथे बसलोय.”

“उठा, मी पाया पडतो तुमच्या.”

“तू सोड. मग उठतो.”

दूर वळणावर जीपचा हॉर्न वाजला. मग जवळ वाजला. कोठाराबाहेर जीप क्षणभर थांबली, कुणीतरी हाक मारली, “बाबाजी, कोई नीचे जाएगा?”

आतून कुणीच उत्तर दिले नाही. बाबांनीही नाही.

जीप निघून गेली. हॉर्नचा आवाज वळणावळणाने खाली जात राहिला आणि मग येईनासा झाला.

मोरीतून वारा येत होता. मग दांडीचे बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला.

दांडी एक दाता खाली आली. थांबली.

आरशातली टोपी हलली नाही.

आणखी एक दाता… आणि मग उरलेले सगळे एकदम.

गाडी मागे सरकली. दोन बोटे, त्याहून अधिक नाही. चाके दगडांना टेकली, गाडी एकदा हलकेच डुलली आणि स्थिर झाली.

समरजितने श्वास सोडला. दांडी पूर्ण खाली होती. त्याची मूठ मात्र अजून तिच्याभोवती आवळलेलीच होती.

“बाबा…”

“हं.”

“सोडला.”

“कळलं मला.”

“मग उठा ना.”

“थंडीनं गुडघे धरलेत,” गाडीमागून बाबा म्हणाले. “हात रिकामा झाला असेल, तर इकडे दे.”