दहा बोटांचा हिशेब

तान्ह्या बाळांच्या औषधाचा डोस काढणाऱ्या कोडमध्ये नवा नियम घालायचा होता. चुकून एखाद्या बाळाला दुप्पट डोस गेला तर? ऋजुताला झोप लागली नाही. आपणच फार घाबरट आहोत, असंही वाटलं.

"सर, मोजलं मी. जुन्या कोडला अटींचे चाळीस फाटे फुटलेत. आधी सोपं करू या."

कोड बेहेरे सरांनीच लिहिलेला. "आकडे कसले दाखवता? मला तोंडपाठ आहे."

"मग नव्या नियमाच्या जागेपर्यंत लागेल त्या प्रत्येक अटीवर बोट ठेवत या. उचलायचं मात्र नाही."

स्क्रीनवर सरांची दहाही बोटं संपली. जागा अजून खालीच होती.

"आता नियम टाइप कशाने करणार, सर?"

सर हात काढत म्हणाले, "आठवडा घ्या. आधी सोपं करा."

पाळणाघर बंद म्हणून ऋजुतासोबत आलेली तिची छोटी मुक्ता पुढे सरकली. "काका, माझी घ्या ना बोटं!"