बांधलेली डहाळी

बारमाही वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी वसलेल्या एका गावात मुकुंद आगटे नावाचा हौशी छायाचित्रकार राहत असे. दर रविवारी तो खंडेराव आणि नलिनीताई या स्नेह्यांसह रानात जाई. परतल्यावर नलिनीताईंच्या ओसरीवर चहापोह्यांसोबत छबींची चिकित्सा चाले. वर्षातून एकदा ही मंडळी वाचनालयात प्रदर्शन भरवीत. भिंतीवर कोणती छबी लागावी हे सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि त्यात मैत्रीची भीड बाळगायची नाही, असा त्यांचा रिवाज होता. मुकुंदाची एकही छबी आजवर त्या भिंतीवर चढली नव्हती.

"मुकुंदा, तुझी पाखरं नेहमी पाठमोरी! रुसलीत का रे तुझ्यावर?" खंडेराव विचारी. मुकुंद हसे, पण ते हसू घरी पोहोचेपर्यंत टिकत नसे.

प्रदर्शन तोंडावर आले असता, वैशाखातल्या एका रविवारी, नलिनीताई मागे ओढ्यापाशीच रमल्या असताना, मुकुंदाला स्वर्गीय नर्तकाचे घरटे दिसले. शुभ्र फितीसारखे लांब शेपूट मिरवणारा हा पक्षी नुसता दिसणेही भाग्याचे. येथे तर घरट्यात पिल्ले होती. परंतु एक पालेदार डहाळी नेमकी आड येत होती.

"तोडू नको, बांध," खंडेराव कुजबुजला. "काम झालं की सोडून दे. त्यात कसलं पाप?"

मुकुंदाने डहाळी दोरीने मागे ओढून बांधली. घरटे उन्हात लखलखले. थोड्या वेळाने नर आला. पिल्लांना चारा न भरवताच तो घरट्याच्या काठावर उभा राहिला आणि दोन्ही पंख पसरून थरथरू लागला.

"अहाहा, नाचतोय बघ!" खंडेराव म्हणाला. "टीप! टीप लवकर!"

मुकुंदाचे बोट कॅमेऱ्याच्या कळेवर गेले आणि तेथेच थबकले. टीप! बंदूक रोखलेल्या शिकाऱ्याच्या कानातही त्याचा साथीदार हाच शब्द सांगतो. मुकुंदाने पुन्हा निरखून पाहिले. पक्ष्याची चोच उघडी होती. तो धापा टाकत होता. त्याच्या पंखांखाली पिल्लांच्या माना लुळ्या पडल्या होत्या. तो नाचत नव्हता. हिरावलेली सावली तो स्वतःच्या अंगाने भरून काढत होता.

मुकुंद ताडकन उठला. पक्षी उडाला. मुकुंदाने गाठ सोडली आणि डहाळी पूर्ववत घरट्यावर आली.

"वेड्या, एक क्षण थांबला असतास!" खंडेराव चिडला. "हाती आलेली भिंत घालवलीस."

"क्षण माझा, पण पोरं त्याची."

दोघेही दूर सरले. नर परतल्यावर मुकुंदाने तेथूनच एक छबी घेतली. तिच्यात होती नुसती पाने, आणि पानांतून खाली लोंबणारे शुभ्र शेपूट.

"मुकुंदराव, यात पाखरू कुठंय?" ओसरीवर नलिनीताईंनी विचारले.

"घरी आहे."

सगळे हसले. रिवाजाप्रमाणे त्या छबीला भिंत मिळाली नाही.

पुढच्या रविवारी मात्र खंडेराव आपण होऊन मुकुंदाच्या दारी आला. "चल, पोरं कशी आहेत बघून येऊ."

घरटे रिकामे होते. जवळच्याच फांदीवर पिल्ले पंख फडफडवीत तोल सावरत होती. खंडेरावाने सवयीने कॅमेरा उचलला, मग तो घुटमळला आणि हळूच म्हणाला, "मुकुंदा, इथून चालेल ना? की आणखी मागं सरू?"

तात्पर्य: ज्या सौंदर्यासाठी दुसऱ्याची सावली काढून घ्यावी लागते, ते टिपण्यापेक्षा सोडून देण्यातच खरी रसिकता आहे.