बुरणुसाचा चौथा कोपरा

आपल्या गोष्टी गावातून सुरू होतात. या गोष्टीतल्या लोकांना मात्र गावच नव्हतं. वेस नाही, पार नाही, विहीर नाही. नजर जाईल तिथवर गवत, आणि गवतावर गोल गोल तंबू. गवत संपलं की तंबू गाड्यांवर चढवायचे आणि पुढे निघायचं. मंगोल लोकांचं राहणं ते असं. घोड्यावर बसून खातील, घोड्यावर बसून भांडतील, आणि वेळ आली तर घोड्यावरच झोपतील. अंघोळीचं तेवढं विचारू नका.

या लोकांत बुरगुद नावाचा एक गडी होता. पाच भाऊ होते ते. बाप लवकर गेला, गुरं शेजाऱ्यांनी हाकून नेली, आणि पाच जणांत मिळून दोन घोडी उरली. जो दमेल तो घोड्यावर बसायचा, बाकीचे पायी चालायचे. त्यावरून त्यांच्यात कधी तू-तू मैं-मैं झाली नाही. आता अशा माणसांना हरवायचं तरी कसं? शेजारची टोळी हरली, मग तिच्या पलीकडची हरली. शेवटी लोकच म्हणाले, "तुमच्यातला एक जण आमचा खान होऊ दे." खान म्हणजे राजा. मान थोरल्या भावाचा होता. तो हसला आणि म्हणाला, "आमच्यात डोकं बुरगुदचं चालतं. त्यालाच करा."

राजा करायचा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सोन्याचं सिंहासन येणार. तिथे तसलं काही नव्हतं. लोकर थापून थापून केलेला एक जाड, पांढरा बुरणूस जमिनीवर अंथरला. बुरगुद त्याच्या मधोमध बसला. चार भावांनी चार कोपरे धरले आणि त्याला खांद्याच्या उंचीवर उचललं. मग थोरला भाऊ म्हणाला, "वर बघ, आभाळ आहे. खाली बघ, आम्ही आहोत. नीट वागलास तर सगळं तुझं. वाकडा वागलास तर बसायला हा बुरणूससुद्धा उरायचा नाही." राजा करताना राजाला असं तोंडावर सुनवायचं! मला तर हे फार आवडतं.

तेव्हापासून ती रीतच पडली. चार भावांची चार घरं झाली, आणि एकेका घराचा एकेक कोपरा ठरला. चारही घरांचे हात लागल्याशिवाय कुणी खान होत नसे. एखाद्या घराचा माणूस लांब असला तर बाकीचे त्याच्यासाठी थांबत. बुरगुदनंतर त्याचा मुलगा नोमुगान असाच उचलला गेला. त्याच्या काळात राज्य इतकं पसरलं की घोडेस्वार एका टोकाहून कोवळ्या गवतात निघाला, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बर्फ पडायला लागायचं. कुणाची नजर लागावी असे ते दिवस होते.

मग नोमुगान वारला. त्याची राणी सोलोंगा खातून मागे राहिली, आणि ऐन विशीतला मुलगा तुमेन. तुमेन वाईट नव्हता हो. शूर होता, मनाने चांगला होता. त्याला खान व्हायचं होतं, पण सगळ्या घरादाराचा खान व्हायचं होतं. एकही घर रुसलेलं त्याला नको होतं.

चारही घरांना सांगावे गेले. तीन घरं आली. चौथं राहिलं, ते थोरल्या भावाचं. त्या घराचे कर्ते होते अर्घाय काका, राज्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला राहणारे. त्यांचा स्वार पुढे येऊन निरोप देऊन गेला. "निघालो आहे. वाटेत थोडं काम आहे. मी येईपर्यंत थांबा."

सगळे थांबले. पण थांबणं म्हणजे काही गंमत नव्हती. तीन घरांची माणसं, त्यांची घोडी, त्यांची मेंढरं, सगळी एकाच कुरणात. गवताची पार दाढी झाली. पहिलं बर्फ पडलं तशी घोडी बर्फ उकरून मुळं खायला लागली. काकामंडळी कुरकुरू लागली. "आमची जनावरं इथेच मारायची आहेत का?" त्यांचंही काही खोटं नव्हतं.

तुमेन म्हणत होता, "अजून थोडं थांबू. काका येतो म्हणालेत ना, मग येतील."

खातूनच्या तंबूबाहेर पहाऱ्याचा नायक होता, बोरोल नावाचा. अंगाने दांडगा आणि कानाशी लागण्यात पटाईत. तो खातूनला म्हणाला, "मी आपलं सहज बोलतो. पण थोडं काम म्हणजे काय काम? थोरल्या घराचा माणूस आहे तो. मनात आणलं तर उद्या म्हणेल, मीच खान. वाटेत फौज जमवत नसेल कशावरून?"

झालं! खातूनला ते पटलं. ती तडक मुलाकडे गेली.

"तुमेन, उद्याच्या उद्या बुरणूस उचलायचा."

"आणि चौथा कोपरा, आई?"

"बोरोल धरेल. त्याच्या दंडात काय कमी जोर आहे?"

"पण हात घराचा लागतो. जोर कोण बघतं?"

"तू रीत सांभाळत बस," खातून म्हणाली, "आणि काका येऊन राज्य घेऊन जाऊ देत."

तुमेन रात्रभर तळमळला आणि सकाळी बुरणुसावर जाऊन बसला. तीन काकांनी तीन कोपरे धरले, चौथा बोरोलने धरला. बुरणूस झोकात वर गेला. जराही कलला नाही. हेच तर मेलं वाईट झालं. तिथल्या तिथे तोल गेला असता, तर चारचौघं हसली असती आणि सगळे मुकाट्याने पुन्हा वाट बघत बसले असते. पण लोकांनी जयजयकार केला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे फिरले, आणि तुमेन खान झाला.

मेजवानीची भांडी अजून पुरती घासूनही झाली नव्हती, तोच अर्घाय काका आले. फौज नव्हती. दोन-चार माणसं होती, भेट म्हणून आणलेल्या पांढऱ्या घोड्यांचा एक कळप होता, आणि एक गाडी होती. गाडीत काका आडवे, शेजारी काकू. वाटेतल्या बर्फात गोठून काकांचं पाऊल काळं पडलं होतं.

दोघा माणसांनी त्यांना धरून खाली उतरवलं. समोर उंच चौथऱ्यावर तुमेन बसलेला, भोवती सगळी जमात. काकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"माझा कोपरा कुणी धरला?" त्यांनी विचारलं.

बोरोलच पुढे झाला. काकांनी त्याला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि तुमेनकडे वळून अगदी घरच्यासारखे म्हणाले, "असू दे. पोरा, उतर खाली. बुरणूस अंथर. पुन्हा उचलू."

बघा, किती सोपं होतं. चौथऱ्यावरून खाली यायचं, "काका, चुकलं माझं" म्हणायचं, आणि बुरणुसावर पुन्हा बसायचं. तुमेनच्या ओठांवर ते शब्द आलेही होते. तो अर्धवट उठलासुद्धा. तेवढ्यात खातूनने त्याची बाही धरली. "खान एकदा वर बसला की खाली उतरत नाही," ती हळूच म्हणाली. "सगळी जमात बघते आहे. हसतील तुला."

तुमेनने समोर बघितलं. खरंच सगळे बघत होते. तो पुन्हा खाली बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "काका, जे झालं ते झालं. बाकीच्यांसारखा तुम्हीही मुजरा करा, आणि शेजारी येऊन बसा."

"मग मला बोलावलंस कशाला?" काका म्हणाले. त्यांनी मुजरा केला नाही आणि भांडणही केलं नाही. ते लंगडत गाडीकडे वळले.

पण काकूंना राहवलं नाही. त्या गाडीजवळूनच ओरडल्या, "उशीर का झाला ते तरी विचारायचंस! थोरल्या घराची पोरं म्हणत होती, आता तरी आपला खान होऊ दे. हे प्रत्येकाच्या तंबूत गेले. दुखऱ्या पायाने गेले. चौघांनी उचललं की तुमेनला मानीन अशी शपथ एकेकाकडून घेतली, आणि मग इथे आले. हे होतं ते थोडं काम!"

तुमेनला वाटलं, आत्ता उडी मारावी आणि गाडीच्या मागे धावावं. पण खान धावताना बरा दिसेल का? मग वाटलं, आता नको, उद्या घोड्यावरून गाठू. बैलगाडी ती, जाऊन जाऊन किती लांब जाणार? दुसऱ्या दिवशी काकामंडळी नजराणे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी शिकार निघाली. गाडी खिंडीपलीकडे गेली.

त्यानंतर दरवर्षी गवत हिरवं झालं की तुमेन म्हणायचा, "यंदा काकांकडे जायचं." दरवर्षी काही ना काही निघायचं. कधी लढाई, कधी लग्न, कधी आईचं आजारपण. एकदा तर खोगीर चढवून तयार होता, पण बोरोल म्हणाला, "खानाने आधी जायचं? त्यांनाच येऊ द्या ना." खोगीर उतरवलं. अरे, काय म्हणावं या माणसाला!

इकडे घर उसवायला लागलं. थोरल्या घराच्या पोरांनी सांगून टाकलं, "चौघांनी उचललेल्या खानाला मानू, अशी आमची शपथ होती." त्यांनी कर पाठवणं बंद केलं. बाकीच्या तीन घरांनीही विचार केला. कोपरा पहारेकऱ्याने धरला तरी चालतो, तर मग आपलं अडलंय कुणाचं? एकेक घर आपापल्या कुरणांकडे निघून गेलं. पुढे ती घरं सरहद्दीवरून आपसात लढली, आणि एकाच आजोबांची नातवंडं एकमेकांची गुरं हाकून नेऊ लागली.

आणि बोरोल? त्याने एक कोपरा उचलून बघितला होता. खानाचं वजन काही फार नसतं, हे त्याला कळलं होतं. खातून वारली तशी त्याने आपल्यासारखेच आणखी तीन नायक जमवले, कुठल्याशा लांबच्या नात्यातलं एक शेंबडं पोर आणलं आणि चौघांनी मिळून ते बुरणुसावर बसवून उचललं. तुमेनला एक म्हातारं घोडं दिलं आणि हाकललं. वर्षभराने त्या पोरालाही काढलं आणि दुसरं बसवलं. अशा राज्याला कोण भिणार? ज्या टोळ्या बुरगुदला वाकून मुजरा करायच्या, त्यांनीच चोहोंकडून लचके तोडले. पायी चालत पाच भावांनी उभं केलेलं राज्य! सांगतानासुद्धा वाईट वाटतं.

तुमेनला जायला जागा नव्हती. तो पश्चिमेकडे निघाला. खिंडीतून उतरला तेव्हा बर्फात खणून काढलेली एक स्वच्छ वाट त्याला दिसली, अगदी तंबूच्या दारापर्यंत गेलेली. दारात काकू उभ्या होत्या. पार वाकल्या होत्या, पण त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"ये," त्या म्हणाल्या. "आत ये, थंडी आहे."

त्यांनी त्याला चुलीपाशी बसवलं आणि गरम दूध दिलं. तुमेनची नजर तंबूभर फिरली. म्हातारीची एकटीचीच वळकटी होती.

"काका?" त्याने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात गेले."

तुमेनने मान खाली घातली. मग म्हणाला, "काकू, माझ्यावर फार राग होता का त्यांचा?"

"पहिलं वर्ष होता," काकू म्हणाल्या. "मग निवळला. मग म्हणायचे, लहान आहे तो, आईच्या शब्दाबाहेर नाही. पोरं तुला काही बोलली तर त्यांच्यावर डाफरायचे. बर्फ पडलं की वाट मोकळी करून ठेवायला लावायचे. मी म्हणायची, कशाला हा खटाटोप, कोण येतंय इथे? आता ते नाहीत, तर मीच माणसं लावून वाट काढून घेते. सवय झाली."

तुमेनच्या हातातलं दूध तसंच निवत होतं.

"मी येणार होतो, काकू," तो म्हणाला. "दरवर्षी येणार होतो."

"माहीत आहे," काकूंनी त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला. "तेही तेच म्हणायचे. येणार आहे तो."

तात्पर्य: आपल्या माणसाच्या बाबतीत आपल्या हातून चुकलं, तर त्याच क्षणी खाली उतरून त्याला गाठावं; आपला मान सांभाळत बसलं की मान तर राहत नाहीच, पण तेवढ्यात ते माणूसही निघून जातं.