दोन बोटं ढील

“एवढी ताणून बसवलीय फिल्म, तरी चित्र उडतंय कसं, चाचा?”

इस्माईलचाचांनी मशीनवरून हात फिरवला.

विचारणारा सुधाकर मुरदंडे. इचलकरंजीत चाळीस मागांचा कारखाना, आणि बिघडलेलं यंत्र आपल्याला पाहूनच वठणीवर येतं अशी पक्की समजूत. चाचांनी उभी हयात तंबूतल्या टॉकीजची मशीनं चालवण्यात घालवली. तंबू गेले, चाचा राहिले.

टेबलावर जुन्या बाजारातून आणलेला छोटा प्रोजेक्टर होता, घरगुती फिल्म दाखवायचा. भर दुपारी खिडक्यांवर सतरंज्या टाकल्या होत्या आणि भिंतीवर पांढरं धोतर ताणलं होतं. समोर खुर्चीत सुधाकरची आई बसली होती. अंबाक्का, वय ब्याऐंशी.

अंबाक्कांची पहिली मुलगी कुमुद. तिच्या पायात जोर नव्हता. ही कधी चालायची नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिसऱ्या वर्षी ती तापानं गेली. पण त्याआधी एकदा ती अंगणात सात पावलं चालली, असं अंबाक्का पन्नासहून अधिक वर्षं सांगत होत्या.

ऐकणारे मान डोलवायचे आणि एकमेकांकडे बघायचे. सुधाकरही त्यातलाच.

गेल्या महिन्यात अंबाक्कांच्या नवऱ्याच्या जुन्या मित्राच्या घरून फिल्मची एक डबी आली. त्याच्याकडे तेव्हा कॅमेरा होता. डबीवर लिहिलं होतं, ‘मुरदंडे, अंगण.’

“बल्ब नवा घातला, पट्टा बदलला, तेल दिलं,” सुधाकर म्हणाला. “फिल्म दोनदा तुटली. सुरुवातीचा तुकडा वाया गेला. आता आणखी एकदा तुटली तर…”

तो थांबला. आई ऐकत होती.

“चालव,” चाचा म्हणाले.

मशीन सुरू झालं. धोतरावर नुसती चित्रांची घसरगुंडी. चाचांनी तिकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून ते खटखट ऐकत राहिले.

“बंद कर. ही एवढी वढून कुणी बसवली?”

“मीच. सैल वाटली.”

“सैल असंल तर बिघडतं?”

“चाचा, मागावर ताणा ढिला पडला की कापड वाया. माझा जन्म गेलाय त्यात!”

“व्हय… ते दिसतंयच.”

चाचांनी सुधाकरचा उजवा हात मनगटाला धरला आणि सरळ ताणला. वय ऐंशीचं, पण पकड कुलपासारखी.

“आता चहा पी.”

टेबलावरच्या कपाकडे सुधाकरनं डावा हात नेला.

“उजव्या हातानं,” चाचा म्हणाले.

“कसा पिऊ? कोपर वाकायला तर पाहिजे!”

“मग?”

“हात ढिला सोडा की!”

चाचांनी सोडला. सुधाकर मनगट चोळत राहिला. चहा प्यायचं त्याला सुचलं नाही.

“हे दात्यांचं चाक एकसारखं फिरतंय,” चाचा म्हणाले. “भिंगामागच्या ह्या खिडकीत मातर एकेका चित्राला क्षणभर हुबं ऱ्हायचं आसतं. तू त्याला हुबंच ऱ्हाऊ दीनास.”

सुधाकर वाकून ती खिडकी बघायला लागला.

चाचांनी फिल्म उतरवली आणि पुन्हा ओवली. खिडकीच्या वर फिल्मची एक सैल कमान सोडली, खाली एक. दोन्ही कमानींत दोन बोटं घालून पाहिली.

“दोन बोटं ढील.”

“म्हणजे किती मिलिमीटर?” सुधाकरनं खिशातून वही काढली.

“चालव.”

“तुटली तर?”

सुधाकरनं आईकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली.

त्यानं बटण दाबलं.

खटखट नाही. एकसारखी घरघर…

आणि धोतरावर अंगण उभं राहिलं. स्थिर. पाण्याचा हौद, दोरीवर वाळणारं सूत, आणि नऊवारीतली तरणीताठी अंबाक्का. तिनं एका पोरीचे दोन्ही हात धरले होते. पोर लटपटत होती.

“कुमुद…” अंबाक्का म्हणाल्या.

धोतरावरच्या अंबाक्कानं पोरीचे हात सोडले.

पोर डगमगली… आणि तिनं पाऊल टाकलं.

“एक!” खुर्चीतल्या अंबाक्का ओरडल्या. “दोन! तीन!”

चारला सुधाकर मोजायला लागला. पाच. सहा. सात.

पोर थांबली नाही.

“आठ!” अंबाक्कांनी टाळी वाजवली. “आठ! आन् मी मेली इतकी वर्सं सातच सांगत बसले!”

त्या हसत होत्या, रडत होत्या, पदर सावरायचं भान नव्हतं. सुधाकर त्यांच्या पायाशी बसला. “चुकलो, आई,” एवढंच म्हणाला. तिनं त्याच्या टकलावर एक टपली मारली.

रीळ संपलं. धोतरावर नुसता उजेड राहिला.

बऱ्याच वेळानं सुधाकर उठला. वही टेबलावर तशीच कोरी पडली होती.

“चाचा, हे मला शिकायचंय. ढील नेमकी किती सोडायची… ते कळतं कसं?”

चाचांनी गार झालेला चहा त्याच्या उजव्या हातात दिला.

“तुझ्या आईला इचार.”